माळ्यावरच्या पातेल्यावर "सं. १९९५" आणि अनोळखी नाव, कोणाला काही कळतंय का? (आणि इंदूरमध्ये कल्हई कुठे?)

सुदामानगर_इंदूर

नमस्कार मंडळी. आई जाऊन सहा महिने झाले आणि आता रामबागेतलं जुनं घर रिकामं करून द्यायचंय, त्यामुळे दर रविवारी मी आणि बायको जाऊन एकेक खोली आवरून राहिलो. माळ्यावर दोन पोती भांडी निघाली. तांब्याचा बंब, घंगाळ, दोन हंडे, कळशी, परात, फुलपात्री, आणि पितळेची पाच-सहा पातेली एकात एक घातलेली, सगळी काळी पडलेली. मोडवाला येऊन बघून गेला, म्हणाला सगळं एकदम उचलतो, किलोचा भाव लावतो. ताई पुण्याहून फोनवर म्हणते काही विकू नको, पण ठेवायचं कुठे हे ती सांगत नाही, माझं घर दोन खोल्यांचं आहे.

आता मुद्दा. सगळ्यात मोठ्या पातेल्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलंय. मी चिंच लावून थोडं घासलं तेव्हा एवढं वाचता आलं: "चि. सौ. कां. गो" मग झिजलेलं, काहीच लागत नाही, मग "स मामाकडून" आणि खाली "वै. शु. ५ सं. १९९५". ९५ साली मी दहावीला होतो, आमच्याकडे तेव्हा कोणाचंही लग्न नव्हतं, आणि मुख्य म्हणजे हे पातेलं मी त्याच्या खूप आधीपासून बघतोय, कोजागिरीला वाड्यातल्या सगळ्यांचं मसाला दूध ह्यातच आटायचं. आणि "गो" वरून नाव असलेलं आमच्या घरात कोणीच नाही, आजीचं नाव "इ" वरून होतं, काकू, आत्या कोणाचंच नाही. दुसऱ्याच कोणाचं पातेलं पंगतीत बदलून आमच्याकडे राहिलं का? तसं असेल तर ज्यांचं आहे त्यांना परत करावं असं फार वाटतंय. दुसरं, ह्याला कल्हई करून घ्यायची तर इंदूरमध्ये आता कोण करतं?

मल्हारगंजचे_काका

सन १९९५ नाही हो, संवत आहे ते. "सं." म्हणजे विक्रम संवत. ५७ वजा करा, १९३८ साल येतं. आपल्या मराठी घरांत शके लिहायची पद्धत, शके असतं तर १८६० लिहिलं असतं, पण नाव घालणारा कसेरा इथला माळव्यातला, त्याच्या हाताला संवतच बसलेला, गिऱ्हाईकाने तिथी सांगितली की साल तो आपल्या हिशोबाने टाकायचा. माझ्याकडे वडिलांच्या मुंजीतली दोन फुलपात्री आहेत, एकावर शके आहे आणि एकावर संवत, दोन्ही एकाच दिवसाची.

तुमच्या घरात १९३८च्या वैशाखात कोणाचं लग्न झालं होतं का ते बघा. वैशाख शुद्ध पंचमी म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर दोन दिवस, ऐन लग्नसराई.

दांडिया_बाजार_बडोदा

काकांचं बरोबर आहे, फक्त एक लक्षात ठेवा. आमच्या इकडे गुजरातेत संवत दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो आणि तुमच्याकडे चैत्रात. म्हणजे हेच पातेलं बडोद्यात घेतलेलं असतं तर वैशाख १९९५ म्हणजे १९३९ झालं असतं. आमच्याकडच्या एका घागरीवरून आम्ही भावंडांनी वर्षभर वाद घातला होता, एका वर्षाचा फरक काही केल्या जुळत नव्हता, शेवटी एका जुन्या पंचांगवाल्या गुरुजींनी सोडवला. म्हणून भांडं कुठल्या गावात घेतलंय ते आधी शोधा.

सुदामानगर_इंदूर

काका, अंगावर काटा आला. आजी २००१ मध्ये गेली तेव्हा ७७ वर्षांची होती आणि ती नेहमी सांगायची की चौदाव्या वर्षी लग्न होऊन ह्या घरात आले. म्हणजे १९३८च. पण मग "गो" कोण? आजीचं नाव तर ते नाही.

तिलकनगरची_मावशी

अरे बाळा, ती तुझी आजीच आहे.

लग्नात मुलीचं नाव बदलायचे ना. लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने तिचं नवं नाव लिहायचं आणि मग सगळ्यांना पेढे वाटून ते सांगायचं. पण मामाने पातेलं घेतलं ते त्याच्या आधी, लग्नाच्या खरेदीत, त्यामुळे त्यावर माहेरचंच नाव असणार. "चि. सौ. कां." हेच सांगतंय, हे नवरी मुलीच्या नावामागे लावतात, लग्नपत्रिकेत असतं तसं. सासरच्यांनी दिलं असतं तर "सौ." असतं आणि नवं नाव असतं. माझ्या आईकडे एकाच आठवड्यातली तीन भांडी होती, मामाने आणि आत्याने दिलेल्यांवर एक नाव, सासूबाईंनी दिलेल्यावर दुसरं, आणि लहानपणी मला खरंच वाटायचं की घरात आधी दुसरी कोणी बाई राहत होती. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ती पण मीच. आणि परत पोळ्या लाटायला लागली. मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही, आता फार वाटतं.

बघ ना, त्या बायकांचं पहिलं नाव कुठे राहिलं? रेशनकार्डावर नाही, घराच्या कागदावर तर मुळीच नाही, पाटी लावली तर ती नवऱ्याच्या नावाची. माहेरची माणसं होती तोवर कोणीतरी त्या नावाने हाक मारायचं, ती गेली की संपलं. भांड्यावर राहिलं तेवढंच. म्हणून मोडवाल्याला पोतं देण्याआधी प्रत्येक भांडं उलटंपालटं करून बघ, काठावर, बुडाखाली, कानाजवळ. कितीतरी लोकांनी न वाचताच दिलं असेल.

आता झिजलेलं कसं वाचायचं ते सांगते. चिंचेने अजून घासू नकोस, आहे ते पण जाईल. भांडं कोरडं कर, पांढरी रांगोळी बारीक चाळून बोटाने त्या ठिपक्यांवर दाबून भर आणि वरून सुक्या मऊ फडक्याने हलकं पूस, खोलात रांगोळी राहते आणि अक्षर दिसतं. नाहीतर रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, काठाला टेकवून धर, ठिपक्यांच्या सावल्या पडतात.

ठिपके हातोडी-छिन्नीने पाडायचे, माझ्या लहानपणी कसेरा बाजारात दुकानाच्या ओट्यावर माणूस बसलेला असायचा, मांडीत भांडं धरून टकटक टकटक, एक अक्षर संपलं की फुंकर मारायचा. पुढे विजेचं यंत्र आलं, पेनसारखं, घर्रघर्र करायचं, त्याने स्टीलवर सलग रेघेत नाव यायला लागलं. पैसे अक्षरावर असायचे म्हणून तर सगळं "चि." "सौ." "कां." असं तोडून लिहिलेलं असतं, आणि माझ्या एका आत्याने हिशोबात बसेना म्हणून स्वतःचं नावच गाळलं होतं, नुसतं "आत्याकडून", आता कुठली आत्या ते कोणाला विचारायचं.

नाव घालायचं खरं कारण मात्र वेगळं होतं. कोणाकडे कार्य असलं की अख्ख्या आळीतली भांडी त्या घरी जायची, पराती, पातेली, पळ्या, आणि पंगती उठल्यावर ढिगातून आपापली ओळखून आणायची. आता केटरर त्याची भांडी घेऊन येतो, पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापलेलं असतं, नाव कशावर घालणार.

परदेशीपुरा_७४

कल्हईचं मी सांगतो, आमचं घर मिल एरियात होतं, हुकुमचंद मिलचा भोंगा झाला की घड्याळ लावायचं, अशी सवय, मिल ९१ला बंद पडली तेव्हा भोंगा पण गेला, कितीतरी दिवस वडील सकाळी उठून उगाच गेटपर्यंत जाऊन यायचे. तर त्या काळात दिवाळीच्या आधी कलईवाला ("कलईऽऽ" अशीच हाक, आपल्या लोकांची ती कल्हई) आमच्या गल्लीत निंबाखाली बसायचा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, चामड्याचा भाता, आणि आम्ही पोरं भाता दाबायला मिळावा म्हणून शाळा बुडवायचो.

आधी भांडं राखेने-मातीने खरवडून स्वच्छ करायचं, मग निखाऱ्यावर तापवायचं, आत नवसागर टाकायचा, तो टाकला की पांढरा धूर उठायचा आणि नाकात झणझणायचं, त्याने आतला काळेपणा सुटतो आणि कथील धरतं. मग कथिलाची कांडी तापल्या भांड्याला नुसती टेकवायची, ती वितळली की कापसाच्या बोळ्याने गरागरा फिरवायची आणि बघता बघता आतून चांदीसारखं भांडं. मग पाण्यात, चर्रर्र.

हे का करायचं तर पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यात ताक, कढी, चिंचेची आमटी, काही आंबट ठेवलं की कळकतं. हिरवट रंग येतो, कडवट कसली तरी चव लागते, मळमळतं. बिनकल्हईच्या पितळेत आंबट शिजवायचं नाही म्हणजे नाही. काशाला कल्हई लागत नाही, ताकासाठी काशाचंच भांडं असायचं ते त्यामुळे.

तीन गोष्टी सांभाळा. एक, कथील २३२ डिग्रीलाच वितळतं, त्यामुळे कल्हईचं पातेलं रिकामं गॅसवर ठेवून विसरू नका, कल्हई गोळा होऊन तळाशी येते, आधी पाणी किंवा तेल घाला मग आच. दोन, स्टीलचा कालथा आणि तारेची घासणी नको, लाकडी पळी वापरा. तीन, कल्हईवाल्याला स्पष्ट विचारा की शुद्ध कथील वापरतोस ना, काही जण स्वस्तात भागवायला शिसं मिसळतात आणि ते पोटात गेलेलं अजिबात चांगलं नाही. खूप स्वस्तात करून देतो म्हणाला तर करू नका. कसेरा बाजार किंवा बर्तन बाजारात जाऊन पितळेवाल्यांनाच विचारा, कल्हईवाला कोणत्या दिवशी येतो ते त्यांना ठाऊक असतं. मी दोन वर्षांपूर्वी तसंच करून घेतलं.

आणि कल्हईवाल्याला हे आधीच सांगा की बाहेरून नावाच्या जागी घासायचं नाही.

स्कीम_५४

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. आईच्या पाठोपाठ वर्षभरात मी जवळजवळ सगळं दिलं. मी एकटी, तिसऱ्या मजल्यावर, मनगटं दुखतात, पाण्याने भरलेला हंडा मला जागचा हलवत नाही. अठ्ठ्याहत्तरला नर्मदेचं पाणी इंदुरात आलं तेव्हा माझ्याच आईने सगळ्यात आधी हंडे माळ्यावर टाकले होते आणि त्या दिवशी ती इतकी खूश होती, विहिरीवरून कळशा आणून तिची कंबर गेली होती. बंबाचं पण तेच, पहाटे पाचला उठून राख काढायची, ढलप्या पेटवायच्या, धुराने डोळे लाल, आणि सगळ्यांची आंघोळ झाल्यावर शेवटी कोमट पाणी तिच्या वाट्याला. गीझर आला तेव्हा तिने बंबाकडे वळूनही पाहिलं नाही. आपल्याला बंब दिसला की बालपण आठवतं, तिला काय आठवत असेल?

म्हणून सगळं ठेवायलाच पाहिजे असं ओझं घेऊ नका. मी एक तांब्या ठेवलाय, रोज रात्री त्यात पाणी भरून उशाशी ठेवते. नावं मात्र मी पण वाचली नाहीत देताना. मावशींचं वाचून आज दिवसभर तेच डोक्यात आहे.

लष्कर_ग्वाल्हेर

स्कीम ५४ ताई, अगदी खरं लिहिलंत, आमच्या आईने पण स्टीलच्या डब्यांसाठी तांब्याचं घंगाळ आनंदाने दिलं होतं, स्टीलला ना कल्हई ना चिंच. सुदामानगरवाले दादा, निदान सगळ्या नावांचे फोटो काढून ठेवा, ठसा पण घेता येतो, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासायची, नाण्याचं करायचो तसं. आणि रांगोळीने काय निघालं ते इथे लिहा, सगळे वाट बघून राहिलेत.

सुदामानगर_इंदूर

काल रात्री केलं. रांगोळीने दोन अक्षरं आली, टॉर्चने उरलेली. नाशिकच्या नदीचं नाव आहे. गो नंतर "दा", मग "व", "री" अर्धीच पण आहे.

लगेच देवासला आत्याला फोन लावला, ती ८२ची आहे, ऐकू कमी येतं म्हणून तीनदा ओरडून सांगावं लागलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली हो रे, उज्जैनचा मामा आला की "गोदू" म्हणायचा तिला, आणि तिला ते आवडायचं नाही असं आम्हाला वाटायचं कारण ती लगेच आत निघून जायची. मामा उज्जैनचा, म्हणजे पातेलं उज्जैनमधूनच आलं असणार आणि म्हणून संवत. बडोदेकर, तुमचा प्रश्न पण सुटला, १९३८च.

मावशी, तुम्ही सांगितलं म्हणून बाकीची पोती पण उपसली. एका कळशीवर नुसतं "कै. बाबांच्या स्मरणार्थ" आहे, एका परातीवर शेजारच्या वाड्यातल्या घराचं आडनाव निघालं, त्यांचा नातू राऊला राहतो असं कळलं, त्याला निरोप धाडलाय. स्कीम ५४ ताई, बंब मी देतोय, तुमचं वाचून आईचा सकाळचा खोकला आठवला. घंगाळ ताई घेऊन जाईल. नाव नसलेली चार पातेली पण जातील.

ते एक पातेलं ठेवतोय. कसेरा बाजारात विचारून आलो, कल्हईवाला शनिवारी सकाळी बसतो म्हणाले. रामबाग, तिलकनगरकडच्या कोणाची भांडी असतील तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा, मी स्कूटरवर जाणार आहे, पुढे दोन-तीन सहज बसतील.