अ‍ॅडव्हर्स इव्हेंटला 'दुष्परिणाम' म्हणायचं का?

अनुवादिनी: जपानमधल्या आरएच्या (रूमेटॉइड आर्थ्रायटिस, सांधे सुजवणारा आजार) पेशंट्सनी टोफॅसिटिनिब ही त्यावरची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर ती कितपत सुरक्षित, यावरची माहिती मराठीत करतेय, सामान्य वाचकांसाठी. अ‍ॅडव्हर्स इव्हेंटला मी सरळ 'दुष्परिणाम' लिहिलं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी पानभर लाल केलं. त्यांचं म्हणणं, गोळी चालू असताना कुणी सायकलवरून पडून हात मोडला तरी ती नोंद होतेच, गोळीमुळे मोडला असा अर्थ नाही. पटलं, पण मग लिहू काय? 'प्रतिकूल घटना' वाचून आई म्हणाली, पत्रिका कोणाची बघतेयस?

खडूस_काका: आईंना नमस्कार सांगा. दुष्परिणामच ठेवा, लोकांना कळतं ते लिहावं.

ओसाकाकर: काका, कळेल पण चुकीचं कळेल ना. इथे जपानीत दोन सरळ वेगळे शब्द आहेत, युगाई जिशो म्हणजे त्या काळात जे काही वाईट घडलं ते, आणि फुकुसायो म्हणजे ज्याचा औषधाशी संबंध लागतो ते. आणि ही नुसती शब्दांची हौस नाही, २००३ मध्ये इथे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध आरएसाठी आलं तेव्हा पहिल्या ५००० पेशंट्सची एकूणएक नोंद ठेवायला लावली होती, टीबी झाला का, न्युमोनिया झाला का सगळं.

चरकप्रेमी: आपल्याकडे आयुर्वेदात 'उपद्रव' आहे की! मूळ रोगामागून येतो तो. आणि मुळात आरए म्हणजे आमवात, गुडघे झिजतात तो संधिवात. इथूनच गोंधळ.

खडूस_काका: उपद्रव माकडांचा असतो हो.

मिरजेची_मीनल: ताई, साधं 'त्रास' का नको? 'या काळात झालेले त्रास'. आमच्या ओपीडीत हेच विचारतो, गोळीनं काही त्रास?

ओसाकाकर: लिव्हरचे एन्झाइम वाढतात, ते फक्त रक्ततपासणीत दिसतं, पेशंट मजेत असतो. त्याला त्रास कसं म्हणणार?

अनुवादिनी: हेच तर. बरं, हर्पिस झोस्टरला 'नागीण' लिहिलंय, तेही लाल होणार का? टोफॅसिटिनिब ज्यातलं आहे त्या जॅक गटाच्या गोळ्यांवर जपान-कोरियात ती बाकीच्या देशांपेक्षा जास्त निघते, त्यामुळे शब्द पानोपानी आहे.

चरकप्रेमी: नागीण म्हटलं की लोक तोंडं जुळायची वाट बघत बसतात, जुळली की माणूस गेला म्हणे!

मिरजेची_मीनल: अजूनही विचारतात, आणि गेरू फासून येतात. एका नसेच्या पट्ट्यात उठते ती, बहुतेक एकाच बाजूला, जुळणार कुठून? पण शब्द नागीणच हवा, अंगावर फोड दिसल्यावर 'झोस्टर' कोणाला आठवणार, नागीण म्हटलं तर त्याच दिवशी दाखवायला तरी येतील.

ओसाकाकर: झोस्टर म्हणजे ग्रीकमध्ये कमरपट्टाच. जपानी ताइजो होशिन पण तेच, पट्ट्यासारखे फोड. आपल्याला मात्र साप दिसला.

खडूस_काका: मग 'पट्टारोग' करा. शासकीय वाटतं, मंजूर होईल.

चरकप्रेमी: आयुर्वेदातला विसर्प, म्हणजे अंगावर पसरत जाणारा त्वचाविकार, हा शास्त्रशुद्ध शब्द असताना...

मिरजेची_मीनल: विसर्प वेगळा हो, त्यात किती काय काय घालतात!

अनुवादिनी: अहो, ते दुष्परिणामाचं?

चरकप्रेमी: आधी विसर्पाचं होऊ दे.