'वागळे की दुनिया' मालिकेतली राधिका म्हणजे गायिका माणिक वर्मांची मुलगी?? मग घरातलं गाणं गेलं कुठे?

झोपाळू_मांजर:
हसू नका, पण मला हे परवापर्यंत माहीतच नव्हतं. आई ओट्याशी उभी राहून रेडिओ ऐकत होती, 'घननीळा लडिवाळा' लागलं आणि ती भाजी परतता परतता सहज म्हणाली, ही भारती आचरेकरची आई. मी म्हटलं कोण, ती वागळेची बायको?? तर म्हणे हो, आणि वंदना गुप्तेची पण. मी उडालेच. म्हणजे दोघींना इतकी वर्षं बघतेय आणि दोघी बहिणी आहेत हेपण डोक्यात नाही.

तर प्रश्न असा की ज्या घरात साक्षात माणिक वर्मा गात होत्या तिथली मुलगी टीव्हीवर मध्यमवर्गीय गृहिणी करायला कशी काय आली? इतकं गाणं घरात असून त्याचा काही उपयोग झाला का नाही? आणि त्यांचं काम बघायचं तर सुरुवात कुठून करू, मी फक्त नवीन वागळे बघितलंय, तेही जेवताना, अर्धं लक्ष ताटात.

दूरदर्शनवाला:
अगं नवीन वागळे नंतर, आधी जुनं बघ. 'वागळे की दुनिया', १९८८, दूरदर्शन. आर. के. लक्ष्मण यांची पात्रं, कुंदन शहाचं दिग्दर्शन आणि निर्मिती दुर्गा खोटे यांच्या कंपनीची. अंजन श्रीवास्तव वागळे आणि या राधिका वागळे. एका भागात शाहरुख खान पण आहे, तेव्हा त्याला कोण ओळखत होतं. आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता, शेजाऱ्यांकडे जाऊन दारात बसून बघायचो, त्यामुळे माझ्या आठवणीत राधिका कायम थोडी तिरकीच दिसते :)

आता माणिकताईंबद्दल. मूळच्या पुण्याच्या माणिक दादरकर, जन्म १९२६. किराणा घराण्याचं गाणं, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकल्या. मैफिलीत ख्याल, ठुमरी आणि रेडिओवर भावगीत, दोन्हीकडे तेवढ्याच सहज. 'सावळाच रंग तुझा' ऐक, नाहीतर गीतरामायणातली सीता ऐक. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा सीतेची गाणी त्यांच्याकडे होती. १९७४ ला पद्मश्री, १९९६ ला गेल्या. चार मुली. त्यातल्या राणी वर्मांनी गाणं धरलं, भारती आणि वंदना नाटकात गेल्या. म्हणजे गाणं घरातून कुठे गेलंबिलं नाही, वाटणी झाली एवढंच.

गच्चीवरचा:
उपयोग झाला का विचारतेस तर 'लंचबॉक्स' बघ, २०१३ चा सिनेमा. त्यात भारती आचरेकर आहेत आणि एकदाही दिसत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी. खाली सिनेमाची नायिका इला स्वयंपाक करतेय, वरून नुसता आवाज येतो आणि खिडकीसमोर दोरीला बांधलेली टोपली खाली येते, बास. नवरा कोमात, दिवसभर छताच्या पंख्याकडे बघत पडलेला, आणि ही बाई सांगते की मी पंखा चालू असतानाच पुसला. हे वाक्य हसत सांगायचं का रडत? त्या दोन्ही करत नाहीत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगतात आणि आपल्या पोटात खड्डा पडतो. चेहरा नाही, हात नाहीत, फक्त कुठे जोर द्यायचा आणि कुठे सोडून द्यायचं एवढ्यावर अख्खं पात्र उभं केलंय. मला विचाराल तर हे गाणाऱ्याच्या घरातलंच काम आहे, तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, कुठे येते हे लहानपणापासून कानात बसल्याशिवाय असं जमत नाही.

नाटकवेडी:
@गच्चीवरचा, पोस्ट छान आहे पण शेवटचं पटलं नाही. बाईने चांगलं काम केलं की लगेच आईचं देणं, रक्तातच आहे वगैरे, हे आपलं नेहमीचं. मग मेहनत कुणी केली? भारती आचरेकर घडल्या त्या रंगभूमीवर. विजया मेहतांनी बसवलेलं 'हमिदाबाईची कोठी' आठवा, अनिल बर्वे यांचं नाटक, नाना पाटेकर, अशोक सराफ, नीना कुळकर्णी आणि या, सगळे एका रंगमंचावर. विजयाबाईंच्या तालमीत उभं राहायचं म्हणजे एकेक वाक्य घासून घ्यायचं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा आणि तरी ओरडायचं नाही, हे तिथे शिकतात. कानाने नाही, दमसासाने.

बाकी गंमत बघा, ते नाटकपण गाण्याबद्दलच आहे. कोठीवरचं गाणं आणि ते गिळायला आलेला नवा जमाना. गाण्यापासून सुटका नाहीच म्हणा भारतीताईंची :)

वंदना गुप्तेंचंही तसंच, १९९१ चं 'चारचौघी' नाटक ज्यांनी बघितलं त्यांना विचारा. आणि नंतर २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' मध्ये सहा बहिणींतली एक. ज्या बाईला घरी खरोखरच्या तीन बहिणी आहेत तिला बहिणीशी कसं भांडायचं हे दिग्दर्शकाने काय शिकवायचं!

गच्चीवरचा:
बरं, निम्मं मान्य. दमसास पण गाण्यातलाच शब्द आहे पण जाऊदे.

दूरदर्शनवाला:
तुमचं चालू द्या. मूळ प्रश्न टीव्हीचा होता म्हणून एक राहिलेलं सांगतो. २०१५ ला स्टार प्लसवर 'सुमित संभाल लेगा' आली होती, त्यात त्या पंजाबी सासू. वागळेच्या राधिकेच्या एकदम उलट, सुनेच्या घरात न विचारता घुसणारी, टोमण्यांची मशीन. मुलगा झालेला नमित दास, तो पण गझलवाल्या चंदन दास यांचा मुलगा. म्हणजे दोन गाणाऱ्यांची पोरं एका सेटवर आणि गाणं कुणीच म्हणत नाही.

मग २०२१ ला सोनी सबवर वागळे परत आलं तेव्हा सुमीत राघवन मुलगा झाला, आणि आईबाप तेच, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. ३३ वर्षांनी तीच जोडी तीच पात्रं घेऊन. आपल्याकडे मालिकेत तीन महिन्यांनी आई बदलते हो. खरं सांगायचं तर मला नवीनमध्ये मुलाच्या घरातले प्रॉब्लेम जरा शिकवणीसारखे वाटतात, पण म्हातारा म्हातारी समोरासमोर बसले की मी रिमोट खाली ठेवतो.

झोपाळू_मांजर:
सगळ्यांना थँक्यू, काल रात्री लंचबॉक्स लावला. आईला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं, ती आत भांडी आवरत होती, तिथून टीव्ही दिसत पण नाही. दुसऱ्यांदा आंटीचा आवाज आला तशी आतूनच ओरडली, अगं ही राधिका ना, बघू बघू कुठेय, आणि हात पुसत बाहेर आली. मी म्हटलं बस, दिसणार नाहीये. ती शेवटपर्यंत बसली, पण वाट बघतच होती.

नाटकवेडी:
आईंना माझा नमस्कार सांग.