बाळ गेल्यापासून दोघांचं बोलणंच बंद झालंय, काउन्सेलिंगने खरंच फरक पडतो का?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, असं काही पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. लग्नाला ५ वर्षं झाली, नाशिकला असतो. मागच्या वर्षी हिला ३५ वा आठवडा चालू होता, डोहाळजेवण होऊन गेलं होतं, एका सकाळी उठली आणि म्हणाली बाळ हलत नाहीये. सोनोग्राफीत ठोके नव्हते. मग कळा आणून नॉर्मल डिलिव्हरी केली. मुलगी होती.

त्याला आता ११ महिने झाले. ही रोज रात्री तोच विषय काढते, आदल्या दिवशीच दवाखान्यात गेलो असतो तर, मला आधी कळलं कसं नाही वगैरे, आणि तिने सुरुवात केली की माझ्या छातीत असं काहीतरी दाटून येतं की मी उठून गॅलरीत जातो नाहीतर लॅपटॉप उघडून बसतो. मग ती म्हणते तुला काहीच वाटत नाही, आणि यावर मला उत्तर सुचत नाही. मागच्या महिन्यात चुलत बहिणीकडे बारसं होतं, जाऊन येऊ म्हटलं तर आठवडाभर अबोला. आई म्हणते दुसरं होऊ दे, सगळं विसराल. ते ऐकलं की ही खोलीत जाऊन दार लावून घेते.

डॉक्टरबाई म्हणाल्या दोघं मिळून काउन्सेलिंगला जा. माझ्या डोक्यात ते म्हणजे घटस्फोटाच्या केसमधे कोर्ट पाठवतं ते. आमचं तसं काही नाहीये हो. तिथे बसून चूक कोणाची ते ठरवतात का? आणि नुसतं बोलून होणार काय, बाळ तर परत येणार नाही. कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा.

रेवाची_आई:
दादा, वाचून पोटात गोळा आला. आम्ही ६ वर्षांपूर्वी यातूनच गेलोय, माझा ३२ वा आठवडा होता. नावात जी रेवा आहे ना ती तीच. नाव आम्ही नंतर ठेवलं, काउन्सेलिंग चालू असताना.

माझं पण तुमच्या मिसेससारखंच चालायचं, मी बोलायचे आणि नवरा उठून जायचा. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं, दवाखान्यात कोणी सांगितलंच नव्हतं की असं होईल म्हणून, ब्लाऊज ओला झालेला बघून मी ओरडून रडले आणि हा बाहेर फोनवर बिलाचं काहीतरी बोलत होता. ते मी मनात धरून बसले होते, वर्षभर.

चौथ्या की पाचव्या सेशनला मॅडमनी त्याला साधं विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठे कुठे होतात ते सकाळपासून सांगा. मला वाटत होतं बाळाला घेऊन सासरे आणि दीर गेले होते. तर हा म्हणाला मीच गेलो होतो, एकटा, रिक्षाने. पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली, मांडीवर घेऊन. रिक्षावाल्याने विचारलं मुलगा की मुलगी, तर हा मुलगी म्हणाला आणि त्याने अभिनंदन केलं. हे सगळं त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, मला तर नाहीच, का तर मला अजून त्रास नको. त्या खोलीत मी पहिल्यांदा त्याला रडताना बघितलं.

बाळ परत येत नाही दादा, खरंय. पण त्या दिवशी मी कुठे होते ते त्याला माहीत नव्हतं आणि तो कुठे होता ते मला. घरी हे आमच्याच्याने कधीच बोलून झालं नसतं.

समुपदेशक_ठाणे:
मी याच क्षेत्रात आहे, १२ वर्षं झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आधी तुमचा प्रश्न, चूक कोणाची हे ठरवायला आम्ही बसत नाही. कोर्टात असते ती वेगळी व्यवस्था. सहसा पहिल्या एक-दोन भेटी दोघांच्या एकत्र होतात, मग प्रत्येकाला एकदा स्वतंत्र भेटतो, कारण जोडीदारासमोर बोलता येणार नाही असं काहीतरी प्रत्येकाकडे असतं. घरात मारहाण किंवा धाक असेल तर एकत्र सेशन सुरूच करत नाही, आधी सुरक्षिततेचं बघावं लागतं.

तुम्ही जे लिहिलंय, ती विषय काढते आणि तुम्ही उठता, ते मला आठवड्यातून तीन वेळा तरी ऐकायला मिळतं. ती बोलते तेव्हा खरं विचारत असते की तू माझ्याबरोबर आहेस ना. तुम्ही उठता कारण बसलात तर कोसळाल असं वाटतं. ती जेवढी जोरात येते तेवढे तुम्ही लांब जाता, आणि तुम्ही लांब गेलात की ती अजून जोरात येते. यावर काम करणारी इमोशनली फोकस्ड थेरपी म्हणून एक पद्धत आहे, कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात तयार केली. साधारण ८ ते २० सेशन्स लागतात, आघात मोठा असेल तर जास्त.

दुसरं म्हणजे झोप उडणं, तोच प्रसंग डोळ्यासमोर येणं, दवाखान्याचा रस्ता टाळणं, बारीक आवाजाने दचकणं, यातलं बरंच काही महिन्याच्या वर टिकलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. मग जोडीच्या सेशनबरोबर एकट्याची ट्रॉमा थेरपी पण लागू शकते, ट्रॉमावरची सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर बोलून काम करतात ती) किंवा ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत त्या आठवणीवर काम करतात ती). जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मधे या दोन्हींची शिफारस केली आहे. आणि हे फक्त आईला होतं असं नाही हं, वडिलांना पण होतं, त्यांना कोणी विचारत नाही इतकंच. छातीत दाटून येतं लिहिलंत ते मी दोनदा वाचलं.

वेळ मिळेपर्यंत एक करून बघा. गॅलरीत जायचंच असेल तर उठायच्या आधी एवढंच म्हणा, मला आत्ता सहन होत नाहीये, दहा मिनिटांत येतो. आणि दहा मिनिटांत खरंच या, येऊन तिच्या शेजारी बसा, काही बोलायला नको. जीव नकोसा वाटतोय असं दोघांपैकी कोणीही म्हणालं तर थांबू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कृष्णाकाठी:
वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त एक सांगतो, पहिला माणूस चुकीचा भेटला तर सोडून देऊ नका. आम्हाला पहिल्या ठिकाणी वीस मिनिटांत सांगितलं की फिरून या कुठेतरी आणि पुढचा चान्स घ्या. बायको जिना उतरताना म्हणाली परत कुठेच नेऊ नकोस मला, आणि त्यात आमचे ८ महिने गेले. दुसऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत बाळाचं वजन विचारलं, केस होते का विचारलं. तोपर्यंत आम्हाला हे कोणीच विचारलं नव्हतं, घरातल्यांनीसुद्धा. त्यांचं शिक्षण काय, ट्रॉमाचं काम केलंय का, फोनवरच विचारून घ्या, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मिसेस नाही म्हणाल्या तर तुम्ही एकटे जा, मी दोनदा एकटाच गेलो होतो मग ही आली.

अजून एक, ११ महिने म्हणताय म्हणजे तारीख जवळ आलीये. तो दिवस नेहमीसारखा जाईल असं समजू नका. आम्ही दोघं त्या दिवशी रजा काढतो आणि कऱ्हाडला नदीकाठी प्रीतिसंगमावर जाऊन बसतो संध्याकाळपर्यंत. आईला सांगायचं काम तुमचं आहे, बायकोवर टाकू नका. आई वाईट बोलत नाहीये, पण दुसरं होऊ दे हे वाक्य बंद झालं पाहिजे आणि ते मुलानेच सांगायला हवं.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हिला सगळं वाचून दाखवलं. रिक्षाचं आलं तिथे तिने थांबवलं आणि विचारलं, तू कसं नेलंस रे तिला. मामेभावाची गाडी होती, मी मागे बसलो होतो, एसी बंद करायला सांगितला होता कारण तिला गार लागेल असं वाटलं. हे सांगताना मी उठलो नाही. ती पण काही बोलली नाही, बराच वेळ माझा हात धरून बसली होती.

आईशी आज सकाळी बोललो. गुरुवारी साडेपाचची वेळ मिळालीये, दोघं जातोय.