मदत हवी आहे: लेबलिंग आणि ओळखीपाळखीची थिअरी एकाच उदाहरणात लिहिली तर चालेल का?

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, सकाळी कंपनीत पॅकिंगला जाते आणि बारावीनंतर १४ वर्षांनी आता बीएला समाजशास्त्र घेतलंय. असाइनमेंट आहे विचलन (म्हणजे समाजाचे नियम मोडणारं ठरलेलं वागणं) आणि सामाजिक जाळं (माणसांच्या ओळखीपाळखी) यावर, उदाहरण आपल्या आजूबाजूचं हवंय, आणि मी तिथेच अडकलेय.

उदाहरण माझ्या भाच्याचं. दोन वर्षांपूर्वी गल्लीत एकाचा मोबाईल गेला आणि सगळ्यांनी याचंच नाव घेतलं, चार दिवसांनी तो मोबाईल त्यांच्याच पाहुण्याच्या बॅगेत निघाला, पण याच्यावर बसलेला शिक्का काही निघाला नाही. अजूनही हा किराण्याच्या दुकानात गेला की काउंटरवरचा मोबाईल उचलून गल्ल्यात टाकतात. परवा मी शेजारीच उभी होते. पोरगं काही बोललं नाही, साखर घेतली, सुट्टे न मोजताच खिशात घातले. मला रात्रभर झोप नाही.

हे समाजशास्त्रज्ञ बेकरचं (१९६३) लेबलिंग, म्हणजे शिक्का मारणं, एवढं कळलं. कृत्यापेक्षा लोक कुणाला नियम लावून बाहेरचा ठरवतात त्यावर विचलन ठरतं, आणि इथे तर कृत्यच नव्हतं. लेमर्टचं दुय्यम विचलन पण वाचलं, शिक्का बसलेला माणूस पुढे तसाच वागायला लागतो ते. भाचा तसा झालेला नाही, पण कट्ट्यावर बसणं वाढलंय, कारण तिथे त्याला कोणी काही म्हणत नाही.

आता खरा प्रश्न. ओळखीपाळखीची थिअरी मांडणाऱ्या समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये लिहिलंय की नोकरीची खबर बहुतेक वेळा लांबच्या ओळखीतून येते, त्याने विचारलेल्यांपैकी ओळखीतून काम मिळालेले ५५.६ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला अधूनमधूनच भेटायचे, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. भाच्याचं बघा ना, आजी, मावश्या, मामा कोणी सुटलं नाही, सुटला तो क्रिकेटमधला एक दादा जो त्याला अंबडला वर्कशॉपमध्ये चिकटवणार होता, त्याने फोन घेणंच बंद केलं. म्हणजे शिक्का बसला की आधी लांबचे धागे तुटतात आणि काम तर तिथूनच येतं. हे माझं मला सुचलंय, असं लिहिलं तर चालतं का, की त्याला कुणाचातरी आधार लागतो?

आणि एक, मला सोबत काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह पण घ्यायचाय. तेव्हा सत्याग्रह करणारेही नियम मोडणारेच ठरले होते, आणि समाजशास्त्रज्ञ दुर्खीम म्हणतो तसं आजचा गुन्हा कधीकधी उद्याची नीती असतो. मैत्रीण म्हणते चोरीच्या आळाशेजारी ते नको घेऊ. मला वाटतं घ्यायलाच हवं, नाहीतर विचलन म्हणजे वाईटच असं वाचणाऱ्याला वाटेल.

मंगळवारी द्यायचंय. एमए केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा. लिहून झालं की आधी भाच्याला वाचून दाखवणार आहे, तो हो म्हणाला तरच देईन.