जिप्सीला घरीच रोल केज करायचाय, पाण्याचा पाईप चालेल का?

कातळावरची जिप्सी (राजापूर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००५ ची जिप्सी आहे, सॉफ्ट टॉप. हौस म्हणून कमी आणि बागेसाठी जास्त. आमची आंब्याची कलमं सड्याच्या (कातळाच्या माळाच्या) पलीकडे, वाटेत एक पऱ्या (ओढा) आणि मग उभी घाटी. गेल्या पावसाळ्यात त्या घाटीत डावं चाक जांभ्याच्या दरडीवर चढलं आणि गाडी उजवीकडे एवढी कलली की माझ्या कोपराखाली काजूचा शेंडा दिसायला लागला. गडी मागे बसलेला, तो उडी मारून मोकळा. मी मात्र स्टिअरिंगला चिकटून. गाडी परत सरळ झाली हे नशीब, पण त्या रात्री झोप आली नाही. डोक्यावर काय आहे? ताडपत्री.

तर आता रोल केज करायचाय, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाईपांचा पिंजरा. घरी २०० अँपिअरची इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे, ग्राइंडर आहे. गेट, पत्र्याची शेड, पॉवर टिलरचा ट्रेलर हे सगळं मीच केलंय, त्यामुळे हात बऱ्यापैकी बसलेला आहे. जुन्या पंपाच्या लाइनचा दीड इंची जीआय पाईप पडून आहे, निळ्या पट्ट्याचा, चांगला जाड. प्लंबरकडे हायड्रॉलिक बेंडर मिळतो.

प्रश्न असे. हा पाईप चालेल का? केजचे पाय चार ठेवू की सहा? पाय फरशीला (गाडीच्या तळाच्या पत्र्याला) जोडू की थेट चासीला? आणि आरटीओचं काय? बजेट पंधरा हजारांच्या आसपास.

ट्रॉलर वेल्डिंगवाला (रत्नागिरी)

तो पाईप परत बागेच्या लाइनला लावा. कारण सांगतो, जरा लांबेल.

मी बावीस वर्षं मिरकरवाड्याला बोटींची कामं करतोय. केबिन, गॅलोज (जाळं ओढायची लोखंडी कमान), विंचचे पाय, सगळं. तेव्हा मलाही वाटायचं की पाईप म्हणजे पाईप. २०११ साली एका दोस्ताच्या जीपला असाच केज करून दिला. पाईप तुमचाच, दीड इंची बी क्लास, बेंडरही प्लंबरचाच. दिसायला असा झकास की लोक थांबून फोटो काढायचे. सहा महिन्यांनी जीप चिरेखाणीच्या रॅम्पवर आडवी झाली आणि मग पालथी. वेग म्हणाल तर चालत्या माणसाचा. त्याचा खांदा निखळला, बाकी वाचला, पण त्यात केजचं श्रेय शून्य.

गाडी उलटी उचलून आणल्यावर मी व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) घेऊन बसलो. ४८ मिलिमीटरचा पाईप बेंडच्या जागी एका बाजूने ३९ भरला. म्हणजे मी वाकवला तेव्हाच तो चपटा झालेला, आणि वजन आल्यावर तिथेच कागदासारखा दुमडला. प्लंबरच्या बेंडरला पाणी वाहण्याशी मतलब. पाईप गोल राहिला की नाही हे पाणी विचारत नाही. पण खरी शरमेची गोष्ट पायाची. ड्रायव्हरच्या मागचा पाय फरशीतून सरळ खाली गेलेला, पिकल्या फणसात कोयती जावी तसा. वर मी प्लेट लावलेली, १० बाय ६ ची. खाली काहीच नाही. नुसते वॉशर.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झालाय. आधी पाय, मग जोड, पाईप सगळ्यात शेवटी.

पाय. मोटरस्पोर्टची जी एफआयए संस्था आहे तिच्या नियमात मेन हूपच्या (सीटमागच्या मुख्य कमानीच्या) प्रत्येक पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट लागते, आणि किमान तीन एम ८ (८ मिलिमीटरचे) बोल्ट, मजबुतीच्या ८.८ ग्रेडचे. १२० म्हणजे १० बाय १२. फरशीचा पत्रा दोन प्लेटांच्या मध्ये सँडविचसारखा धरायचा. मी खालची प्लेट याहून मोठी घेतो आणि शक्य तिथे फरशीच्या बाजूच्या उभ्या पत्र्यावर वळवून घेतो, म्हणजे जोर एकाच पत्र्यावर राहत नाही. बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातले साधे नकोत, डोक्यावर ८.८ कोरलेलं बघून घ्या.

आता फरशी की चासी. जिप्सीची बॉडी चासीवर रबरी बुशांवर बसलेली असते आणि तुमची सीट बॉडीला. केज थेट चासीला जखडला तर खड्ड्यात चासी एक बोलणार, बॉडी दुसरं. केज आणि तुम्ही वेगवेगळे हलाल आणि फरशीतली भोकं फाटत जातील. म्हणून मी पाय बॉडीलाच धरतो, पण असे की खाली जवळच बॉडीचा बुश असेल, म्हणजे भार तिथून चासीत उतरतो. हे सगळं फरशी शाबूत असेल तर. आपल्याकडे खारं वारं आणि पऱ्याचं पाणी, त्यात मॅटखाली चिखल. मॅट उचला आणि स्क्रू ड्रायव्हर ठोकून बघा. काय होतं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.

जोड. जीआयवर जस्ताचा थर असतो. जस्त साधारण ९०७ अंशाला उकळतं आणि पोलाद वितळतं त्याच्या कितीतरी वर. म्हणजे तुमचं वेल्ड धरायच्या आधी जस्ताची वाफ होते, निम्मी वेल्डमध्ये अडकून भोकं पाडते आणि निम्मी तुमच्या छातीत जाते. मी एकदा दिवसभर बंद केबिनमध्ये जीआय जोडला. रात्री हुडहुडी भरली, तोंडाला गोडूस धातूची चव. मलेरिया समजून रक्त तपासून आलो, रिपोर्ट कोरा. दुसऱ्या दिवशी उतरला. घासून काढतो म्हणाल तर बाहेरून घासाल, आतून कसं घासणार?

वेल्डिंग रॉडचं म्हणाल तर ६०१३ नंबरच्या रॉडने गेट होतं. केजला मी ७०१८ वापरतो, अडीच मिलिमीटरचा, ७० ते ९० अँपिअरच्या मध्ये. पण हा रॉड भयंकर ओलावा खातो. पाकीट फोडून कोकणातल्या जुलैत शेडमध्ये ठेवलंत तर चार दिवसांत ते फेकायच्या लायकीचं. जुन्या फ्रीजमध्ये बल्ब लावून ठेवतात ते कोरडा रॉड कोरडा राहावा म्हणून. एकदा भिजला की त्याला ३०० अंशाच्या वर भाजावं लागतं, बल्बने भागत नाही. मिग (वायर आणि गॅसवर वेल्ड करणारी) मशीन भाड्याने मिळाली तर उत्तमच, पण मग काम भिंतीआड करा. संध्याकाळचं वारं सुटलं की गॅस उडतो आणि वेल्ड जाळीदार होतं. तुम्ही सड्यावर राहता, म्हणून मुद्दाम सांगतोय.

हात बसलाय म्हणता ना? मग एक करा. ज्या पाईपचा केज करणार त्याचेच दोन तुकडे टी आकारात जोडा, वाइसमध्ये धरा आणि घणाने हाणा. पाईप वाकला आणि जोड टिकला तर तुम्हाला वेल्डिंग येतं. जोड उघडला आणि आत काळी, न वितळलेली कड दिसली तर गेटच करत राहा. मी हे अजूनही दरवेळी करतो, यात कमीपणा नाही.

दोन पाईप भेटतात तिथे एकाला दुसऱ्याच्या गोलाईचं तोंड काढावं लागतं. आमच्याकडे पोरं त्याला सुरमईचं तोंड म्हणतात. ते ग्राइंडरने अंदाजाने काढू नका. लेथवाल्याकडे होल सॉने (गोल करवतीने) काढून घ्या. फट राहिली की आपण ती रॉडने भरतो, आणि भरलेली फट म्हणजे सांधा नव्हे, नुसती लांबी (पुट्टी).

आणि मेन हूप सबंध एकाच पाईपचा. मध्ये जोड नाही म्हणजे नाही.

घाटमाथा (कोल्हापूर)

वरच्या दादांनी पाईप शेवटी ठेवला, म्हणून मी घेतो.

तुमचा पाईप जाड आहे पण पाण्यासाठीचा, आयएस १२३९ या भारतीय मानकातला. त्याच्यावर केजचा भार येईल असं तो बनवणाऱ्याने धरलेलंच नसतं. एफआयएच्या नियमात मेन हूपला सीमलेस, कोल्ड ड्रॉन, साध्या कार्बन स्टीलचा पाईप लागतो, ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटर. केजच्या बाकी पाईपांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. वजनाचा हिशेब बघा. ४५ बाय २.५ मीटरला २.६ किलोच्या आसपास, तुमचा दीड इंची साडेतीन. नऊ मीटर पाईप धरला तर आठेक किलो जास्तीचं ओझं, तेही छताच्या उंचीवर, जेमतेम टनाच्या गाडीत. आधीच कलणारी गाडी आणखी कलेल.

बेंड आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात डायवर (साच्यावर) करून घ्या. पाईप तिकडेच घ्या, नमुन्यासाठी पट्टीचा फर्मा घेऊन या. बेंडची त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवायला सांगा. आंबा घाट चढून यायचा त्रास आहे, पण एक दिवसाचं काम. येताना सुट्टीचा वार नको.

पाय चार की सहा, तर तुमचा वेग पाहता चार पायांचा नीट केलेला बार हा सहा पायांच्या ढिसाळ केजपेक्षा बरा. मेन हूप, मागे दोन तंगड्या, आणि हूपच्या आत एक तिरका पाईप. तिरका विसरू नका. चौकोन कडेने ढकलला की पत्त्यांच्या बंगल्यासारखा झोपतो, त्रिकोण झोपत नाही. तिरका घातल्यावर मागच्या बाकावर माणूस बसवायचा नाही, हे गड्याला आत्ताच सांगून ठेवा.

आरटीओचं गोड बोलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बोल्टने बसवला म्हणून तो बदल नाही, असं होत नाही. गाडी हायवेला उतरवणार असाल तर आधी कार्यालयात जाऊन लेखी विचारा आणि विमावाल्यालाही कळवा.

मालवणी खेकडो

माका एकच सांगूचा हा. माझ्या चुलत भावाक कपाळाक सात टाके पडले. गाडी उलाटली नाय हां, नुसती व्हाळात आदाळली. उघडो पाईप कपाळाच्या बाजूक होतो. एसीच्या पाईपाचो काळो स्पंज गुंडाळललो त्येका, पण तो बोटान दाबलो तरी चपटो जाता, डोक्याक काय थांबवतलो? टाके घालताना डॉक्टर विचारी, रोल केज कशाक लावलास? तर ह्यो म्हणता, सेफ्टीक.

ट्रॉलर वेल्डिंगवाला (रत्नागिरी)

खेकडोंचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, आणि तो सगळ्यात मोठा आहे. पाईप डोक्याच्या टप्प्यात येत असेल तर घट्ट, कडक फोम लागतो, त्यावर एसएफआय ४५.१ हे केजच्या फोमचं मानक लिहिलेला मागवा. तोही हेल्मेटसोबतच. बसून, बेल्ट लावून, मान चारी बाजूंना झुकवून बघा आणि मगच हूपची जागा ठरवा. हूप सीटच्या मागे जितका सरकवता येईल तितका सरकवा.

आणखी दोन गोष्टी. तुमची गाडी एमपीआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनची) आहे, गाडीवर वेल्ड करण्याआधी बॅटरी आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सॉकेट काढा. पेट्रोलची टाकी उतरवाच, ‘लांब आहे, काही होत नाही’ म्हणू नका. आणि हूप जोडायच्या आधी त्याच्या दोन पायांमध्ये खाली एक पट्टी टाक करून (वेल्डचे ठिपके देऊन तात्पुरती जोडून) ठेवा. वेल्ड थंड होताना पाय आत ओढले जातात. माझे एकदा सहा मिलिमीटर आले आणि बोल्टच लागेनात.

सॉफ्ट टॉप आहे हे तुमचं सुदैव. छतवाल्या गाडीत वरच्या जोडाच्या पाठीमागे रॉड पोचतच नाही, आणि लोक तेवढा भाग तसाच सोडून रंग मारतात.

कातळावरची जिप्सी (राजापूर)

सगळ्यांचे आभार. खेकडो, हसू आलं पण मान झुकवून बघितली. हूप ठरवला होता तिथेच कान लागतो.

काल मॅट उचलली. डाव्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर टणकन वाजला. ड्रायव्हरच्या मागे पहिल्याच ठोक्याला मुठीपर्यंत आत, आणि खालून गडी ओरडला, “दादा, दिसला!” भोकातून त्याचा डोळा दिसत होता. कडेचा पत्रा बोटाने मोडला, पापडासारखा.

म्हणजे मी तुमच्या दोस्ताच्या जीपसारखंच करणार होतो, त्याच पायावर.

आता पंधरा हजारातले आधी पत्र्याला जातील. दोन्हीकडची फरशी कापून २ मिलिमीटरची नवी टाकतोय, खालून रेड ऑक्साइडऐवजी इपॉक्सी प्रायमर. जीआय पाईप शेजाऱ्याने बोअरच्या लाइनला मागून नेला. आंबा संपला की कोल्हापूर. तोवर घाटीत गाडी घालत नाही, पेट्या डोक्यावरून पऱ्यापर्यंत आणि तिथून पुढे गाडीत. गडी माझ्याशी बोलत नाहीये.

ट्रॉलरवाले काका, एक विचारायचं राहिलं. नवी फरशी २ ची टाकली तर कडेच्या जुन्या ०.८ च्या पत्र्याला जोडताना तो जळतोय. अडीचच्या रॉडने तुकड्या-तुकड्याने टाके देऊ की मिगच भाड्याने आणू?

ट्रॉलर वेल्डिंगवाला (रत्नागिरी)

मिग आणा, ०.८ ची वायर. जाड पत्र्यावर आर्क धरा आणि पातळावर नुसता टेकवून मागे या. एका जागी टाका दिलात की दुसऱ्या टोकाला जा. नवा पत्रा जुन्यावर इंचभर चढवा, आणि जुना पांढरा दिसेपर्यंत घासा. तांबडा दिसला तर अजून कापा.