कुत्र्याने दुसऱ्याच्या गोळ्या खाल्ल्या तर मिठाचं पाणी पाजायचं का?

म्हापशेकर: शेजारच्या लॅब्राडॉरने घरातल्याच म्हाताऱ्या गावठी कुत्र्याची सांधेदुखीची स्ट्रिप फाडून खाल्ली, कार्प्रोफेनच्या 100 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, मटणासारखा वास येतो ना त्यांना, आणि घरच्यांनी लगेच मिठाचं पाणी पाजायला घेतलं. हे बंद व्हायलाच हवं. मिठाने उलटी होईलच असं नाही, पण रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, जीवही जातो. स्ट्रिप हातात धरून आधी डॉक्टरला फोन लावा.

सत्तरीकरीण: दादा, म्हापशात बसून बोलणं सोपं. आमच्याकडे वाळपईच्या आतल्या गावात रात्री फोन उचलणारा जनावरांचा डॉक्टर दाखवा, पावसात झाड आडवं पडलेलं, लाईट नाही, रेंज नाही, औषध पोटात भिनतंय आणि मी नुसती बघत बसू? आजीच्या काळापासून मीठ-पाणी देतोय, वाचलेत कुत्रे.

म्हापशेकर: रस्त्याचं खरंय ताई. पण त्यातले बरेच काही न देताही वाचले असते. आणि पेंगणाऱ्या कुत्र्याला किंवा पगसारख्या चपट्या नाकाच्याला उलटी करवली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते, मग दुखणं दुप्पट.

केपेकर: मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. दरवेळी धावाधाव कशाला? मांजराची थायरॉइडची एक गोळी 30 किलोच्या कुत्र्याने गिळली तर बहुतेक वेळा डॉक्टरला विचारून घरी लक्ष ठेवलं तरी भागतं. गोळी कुठली, किती आणि कुत्र्याचं वजन किती, एवढं बघा की आधी.

म्हापशेकर: तेच म्हणतोय, हिशोब करा. हा लॅब्राडॉर 28 किलोचा, कार्प्रोफेनचा रोजचा डोस किलोमागे 4.4 मिलिग्रॅम म्हणजे साधारण 123, आणि याने 600 खाल्लं, किलोमागे 21 च्या वर गेलं. 20 च्या पुढे पोटात अल्सरची भीती, 40 च्या पुढे किडनीची. पहिल्या दिवशी शेपूट हलवत जेवतो म्हणून घरचे निर्धास्त, अल्सरच्या रक्ताने होणारी काळी शी नंतर दिसते. उलटीचा फायदा पहिल्या तास-दोन तासांतच, म्हणून लक्षणं दिसायची वाट बघायची नाही.

सत्तरीकरीण: बरं, मीठ नको हे ऐकते. पण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळी हवी, त्यासाठी अर्ज करा, पहिली सही माझी. आणि चुलीतला कोळसा वाटून दिला तर?

म्हापशेकर: नको ताई, औषधी कोळसा वेगळा असतो, आणि तोही डॉक्टरनेच द्यायचा. अर्ज मी लिहितो.