रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) लोगोवरच अडकतो, मेमरी कार्ड गेलं असेल का?

लिनक्समध्ये अगदी नवखा आहे, तेव्हा उत्तर जरा सोपं करून द्या.

पाय ४ वर रास्पबेरी पाय ओएस आहे. फोटो ठेवायला यूएसबी हार्ड डिस्क जोडलेली असते, सुरू होताना ती आपोआप माउंट व्हायची (म्हणजे एका फोल्डरला जोडली जायची). काल ती रिकामी करून ईएक्सटी४ मध्ये (लिनक्सची फाइल साठवायची पद्धत) फॉर्मॅट केली आणि पाय रीस्टार्ट केला. तेव्हापासून लाल दिवा स्थिर, हिरवा थोडा वेळ भराभर लुकलुकतो आणि मग गप्प. स्क्रीनवर लोगो येतो, पुढे काही नाही. कार्ड विंडोजच्या लॅपटॉपला लावलं तर ‘फॉर्मॅट करायचं का?’ असा निरोप येतो. मी नाही म्हटलं. बरोबर केलं ना?

उत्तर १
पॉवर बघा आधी. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. मोबाइलच्या चार्जरवर हार्ड डिस्कही ओढली की असंच होतं.

उत्तर २
चार्जर तपासायला हरकत नाही, पण व्होल्टेज ४.६३ च्या आसपास घसरलं की लाल दिवा विझतो किंवा फडफडतो. इथे तो स्थिर आहे. कार्डही मेलेलं वाटत नाही. हिरवा दिवा म्हणजे कार्डावरचं वाचन-लेखन; स्टार्ट फाइल सापडली नाही तर तो ४ वेळा, कर्नल (लिनक्सचा गाभा) सापडलं नाही तर ७ वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तेच करतो. तुमचा तसं करत नाहीये.

‘नाही’ म्हणालात ते उत्तम. कार्डाचा दुसरा भाग ईएक्सटी४ असतो, विंडोजला तो वाचता येत नाही, म्हणून ते फॉर्मॅटची घाई करतं. पहिला भाग मात्र उघडतो. त्यातली सीएमडीलाइन नावाची टेक्स्ट फाइल उघडा, ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द काढा. फाइल एकाच ओळीची राहू द्या, मध्ये एंटर नको. मग लोगोमागे काय चाललंय ते स्क्रीनवर दिसेल.

प्रश्नकर्ता
दिसलं! कुठल्यातरी यूयूआयडीची दीड मिनिट वाट बघतो, मग इमर्जन्सी मोड म्हणतो, आणि वर ‘रूट अकाउंट (मुख्य ॲडमिन खातं) लॉक आहे’. म्हणजे दार उघडलं आणि आत भिंत.

उत्तर २
मग पॉवरचा प्रश्न मिटला. यूयूआयडी म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक. फॉर्मॅट केल्यावर डिस्कला नवा मिळाला, पण ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलीत (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) जुनाच आहे. पाय त्या जुन्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतो आणि हात टेकतो.

त्याच सीएमडीलाइनच्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून `इनिट=/बिन/एसएच` लिहा (अर्थात इंग्रजी अक्षरांत, पुढच्या कमांडही तशाच). कीबोर्ड जोडून पाय सुरू करा, थेट शेल (कमांड लिहायची जागा) मिळेल. तिथे `माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /` ही कमांड द्या, नाहीतर फाइल सेव्ह होणार नाही. मग नॅनोने (टेक्स्ट एडिटर) एफएसटॅब उघडा, हार्ड डिस्कच्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह (#) टाका, म्हणजे ती ओळ वगळली जाईल. बाकीच्या ओळींना हात लावू नका. सेव्ह करून `सिंक` कमांड द्या (बदल कार्डावर पक्का होतो), पॉवर बंद, आणि कार्ड विंडोजला लावून सीएमडीलाइनमधला इनिटचा तुकडा काढून टाका.

नीट सुरू झाला की `सुडो बीएलकेआयडी` नवा यूयूआयडी दाखवेल. तो एफएसटॅबच्या त्या ओळीत घाला, हॅश काढा, आणि ‘डिफॉल्ट्स’पुढे स्वल्पविराम देऊन ‘नोफेल’ लिहा. मग डिस्क नसली तरी बूट अडणार नाही. खरं तर यूएसबी डिस्कच्या ओळीत ते पहिल्या दिवसापासून हवं. बऱ्याच मार्गदर्शक लेखांत ते नसतं.

प्रश्नकर्ता
सुरू झाला! डिस्क काढूनही बघितलं, आता होतो. पण डिस्कवर फोटो टाकायला गेलो तर परवानगी नाही म्हणतो. आता हे काय?

उत्तर १
नवी ईएक्सटी४ डिस्क रूटच्या मालकीची असते. मालकी बदलायला, डिस्क माउंट झालेली असताना लिहा: `सुडो सीएचओडब्ल्यूएन`, मग तुमचं युजरनेम, मग माउंटचा फोल्डर. एकदाच करायचं.